भूगोलाच्या तासातली नऊ मिनिटं

दैवशाला फळ्यावर नकाशा काढायची तो बघायला शेजारच्या वर्गातली पोरं दारात उभी राहायची. हातात पुस्तक नाही, कागद नाही. खडूचा तुकडा घ्यायची आणि एका दमात बालाघाटाची रांग ओढून मोकळी व्हायची. मग तिच्यातून उतरणारे ओढे, मधली पठारं, काळी जमीन कुठं संपते नि मुरमाड कुठं लागते, ते सगळं. ही विद्या तिला विद्यापीठानं दिली नव्हती. तिचे वडील धुळाप्पा अणदूरचे. घरची थोडी कोरडवाहू जमीन होती, पण त्यांचा जीव मेंढरांत. दिवाळी सरली की कळप घेऊन बाहेर पडायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे, आणि शाळेत नाव घालण्याआधीची दोन वर्षं दैवशाला त्यांच्या मागोमाग चालली होती. कुठल्या उतारावर पाणी थांबतं आणि कुठून पळून जातं, हे तिच्या तळपायांना ठाऊक होतं.

घरात शाळेची पायरी चढलेली ती पहिलीच. पुढं एम.ए. झाली, प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झाली आणि धाराशिवच्या वाशी तालुक्यातल्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवू लागली. तासिकेवर म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढाच तुमचा त्या कॉलेजाशी संबंध. दर वर्षी नेमणुकीची नवी ऑर्डर. ती हातात पडेपर्यंत पुढच्या वर्षाचा भरवसा नसायचा. सहा वर्षं अशी गेली आणि त्याचीही तिला सवय झाली.

मग साथ आली, कॉलेजाला कुलूप लागलं आणि शिकवणं फोनवर आलं. दैवशालानं वाशीतली भाड्याची खोली सोडली आणि ती अणदूरला आईवडिलांकडं आली. माळवदाच्या खोलीत तिनं वर्ग थाटला. पत्र्याचे दोन डबे, त्यांच्यावर खिडकीची सुटी झालेली काच आडवी, काचेवर फोन उताणा. फोनचा मागचा कॅमेरा काचेतून खाली वहीवर बघायचा आणि ती काचेखाली हात घालून नकाशे काढायची. जुगाड चांगला होता. पोरांना रेघ न् रेघ दिसायची.

पण तिला पोरं दिसायची नाहीत. काळे चौकोन आणि त्यांच्यावर नावं, एवढंच. वर्गात पोरगं ऐकत नसलं तरी ते ऐकत नाही हे तरी कळतं. इथं बोलत राहायचं आणि आपला आवाज कुठं जातो ते माहीत नाही. त्या काळ्या चौकोनांआड कोण बसलंय? पोरगं बसलंय, की त्याचा बाप बसलाय, की फोन तसाच टाकून सगळे रानात गेलेत? प्राचार्य कधीकधी न सांगता वर्गात येऊन ऐकतात, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. कुणी तास रेकॉर्ड करून एखादी चूक गावभर फिरवली तर, हीही धास्ती होती. पाऊण तास बोलून फोन बंद केला की तिची मान आखडलेली असायची.

त्यात पोरांच्या तक्रारी. मॅडम, लिंक मिळाली नाही. मॅडम, रेंज गेली, परत आत घेतलं नाही. रेंज जायची हे खरंच होतं. एकेक पोरगं तासात आठ-आठ वेळा बाहेर फेकलं जायचं आणि परत दार वाजवायचं. प्रत्येकाला आत घ्यायला बोट लावावं लागे, बोट लावलं की काच हले, काच हलली की नकाशा हले. शेवटी वैतागून तिनं ती परवानगीची अटच काढून टाकली. ज्याच्याकडं लिंक आहे तो सरळ आत. रोज नवी लिंक पाठवायची कटकट नको म्हणून एकच लिंक कायमची केली, आणि कुणाची सबब उरू नये म्हणून ती कॉलेजच्या मोठ्या सूचना-ग्रुपवर टाकली. त्या ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं होती, त्यातली कितीतरी कॉलेज सोडून गेलेली. लिंकखाली तिनं वर्गाची हजेरीची यादीही जोडली. सगळी नावं, ओळीनं.

पंधरा दिवसांत हजेरी दुप्पट झाली. प्राचार्यांनी तिचं नाव घेऊन बाकीच्यांना सांगितलं की असं करा.

ऑगस्टमधला गुरुवार होता. सकाळचे सव्वाअकरा. बी.ए. दुसऱ्या वर्षाचा तास, तेवीस जण आत. ही पोरं कॉलेजात आली तीच साथीच्या वर्षात, त्यामुळं दैवशालानं त्यातल्या बहुतेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. विषय होता समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा. आदल्या तासाला तिनं सांगितलं होतं की आपापल्या घराजवळचं टेकाड बघा आणि त्याचा असा नकाशा काढून आणा. एकीनंच काढला होता. शिवांजलीनं.

शिवांजली वाशीकडच्या एका गावची, मोठ्या शेतकरी घरातली. बोलायची कमी, पण विचारलं की नेमकं उत्तर द्यायची. दैवशालानं तिला कॅमेरा चालू करून नकाशा दाखवायला सांगितलं. शिवांजली म्हणाली, मॅडम, फोटो पाठवते. दैवशाला म्हणाली, अगं दाखव की, सगळ्यांना बघू दे, लाजायला काय झालं? कॅमेरा चालू झाला. गोल चेहरा, तेल लावून घातलेली वेणी, हातात वही. वर्षभरात पहिल्यांदा दैवशालाला एक विद्यार्थी दिसला. तिला इतका आनंद झाला की ती खाली मान घालून त्या नकाशाची वहीत नक्कल करू लागली.

तेवढ्यात वर्गात नवं नाव आलं. नंदीश. हे पोरगं यादीत होतं, पण तासाला फारसं नसायचं. दैवशाला बोललीसुद्धा, ये नंदीश, आज बरी आठवण झाली.

आणि पुढच्या क्षणी सगळा पडदा भरून ते चित्र आलं.

पडद्यावर काय होतं ते दैवशालानं पुढं पोलिसांपुढंही नीट सांगितलं नाही. घाण होतं, आणि हलतं होतं, आणि त्याचा आवाज त्या छोट्या खोलीत भरून राहिला. त्यावर एका पुरुषाचं हसणं आलं. मग तो मुलींची नावं वाचू लागला. सावकाश, हजेरी घेतल्यासारखी. प्रत्येक नावापुढं काहीतरी जोडत होता.

दैवशालानं काचेखालून हात ओढला, काच सरकली, फोन डब्यांमध्ये पडला. तिनं तो उचलला. त्या माणसाला बाहेर काढायचं बटण कुठंतरी होतं, पण त्या चित्राआड सगळी बटणं लपली होती. लाल खूण तेवढी दिसली. ती दाबली. दोन पर्याय आले, दोन्ही इंग्रजीत. तिनं वाचले नाहीत. वरचा दाबला. पडदा कोरा झाला.

वर्ग संपला, असं तिला वाटलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. बाहेर अंगणात हरणाबाई, तिची आई, तूर निवडत होती. तिनं आतून पडल्याचा आवाज ऐकून काय झालं म्हणून विचारलं. दैवशालानं सांगितलं की नेट गेलं. मग बराच वेळ ती तशीच बसली.

फोन वाजला. वर्गातली दुसरी मुलगी, अर्पिता. ती रडत होती.

"मॅडम, तुम्ही कुठंयत? तो अजून आतच हाय."

दैवशालाला आधी कळेचना. मग एकदम लख्ख कळलं. बाहेर फक्त ती एकटी पडली होती. वर्ग चालू होता. तिनं पोरांना त्या माणसाजवळ ठेवून दार ओढून घेतलं होतं.

ती परत आत शिरली आणि या खेपेला खालचा, वर्ग सगळ्यांसाठी बंद करणारा पर्याय दाबला. घड्याळात बघितलं. नऊ मिनिटं झाली होती.

त्या नऊ मिनिटांत काय झालं ते अर्पितानं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. पोरं निघून गेली, पाच-सहा पोरी राहिल्या. हजेरी कापली जाईल म्हणून एक राहिली, मॅडम येतील म्हणून दोघी राहिल्या. शिवांजलीचा फोन खिडकीत टेकवलेला होता. तिनं वही तोंडासमोर धरली आणि ती तशीच गोठून बसली. तो माणूस तिला म्हणत होता, वही खाली घे. चारदा म्हणाला. पाचव्यांदा ओरडला आणि तिच्या हातातून वही खाली गेली.

संध्याकाळी फोटो फिरला. एका बाजूला ते चित्र, दुसऱ्या बाजूला शिवांजलीचा चेहरा, खाली तिचं नाव. पुढच्या दिवशी तो वाशीच्या बाजारात लोकांच्या फोनवर होता.

प्राचार्यांचा फोन आला तो शुक्रवारी दुपारी. शिवांजलीचे वडील अमरसिंह चार माणसं घेऊन कॉलेजात येऊन गेले होते. प्राचार्यांचा आवाज शांत होता, आणि त्या शांतपणाचीच दैवशालाला जास्त भीती वाटली. ते म्हणाले की तुम्ही दोन ओळींचा खुलासा लिहून द्या. नंदीश या विद्यार्थ्यानं वर्गात गैरप्रकार केला, एवढंच. नाव पडद्यावर दिसलंय, पोरींनी वाचलंय, अजून काय पुरावा पाहिजे? त्याला काढून टाकतो, पोलिसांत देतो, विषय मिटला. मग म्हणाले, "लिंक ग्रुपवर टाकली होती वगैरे त्यात लिहू नका. तुमच्यावर येईल, आणि माझ्यावरबी. ऑर्डरचे दिवस आहेत, मॅडम."

दैवशाला हो म्हणाली. म्हणजे तोंडातून हो निघून गेलं.

ती लिहायला बसली तेव्हा खरंच दोन ओळी लिहिल्या. त्या खोट्याही नव्हत्या. नंदीश नावानं माणूस आला होता, हे खरं होतं. कागद घडी करून तिनं उशीखाली ठेवला. त्या दिवशी ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही धड जेवली नाही. फोन वाजला की दचकायची. वडिलांनी विचारलं, आईनं विचारलं, पण पडद्यावर काय आलं होतं ते आईबापाला सांगायचं कोणत्या तोंडानं?

शनिवारी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडचा माणूस बराच वेळ नुसता श्वास घेत होता. तिला वाटलं तोच आहे. कापायला बोट पुढं नेलं तेवढ्यात आवाज आला.

"मॅडम, मी नंदीश. म्या न्हवतो."

तो घाईघाईत बोलत गेला. येरमाळ्याच्या चौकात त्याच्या चुलत्याचं टायरचं दुकान. कॉलेज बंदच होतं, त्यामुळं तो तिथंच असायचा. नेटचा पॅक कधीच संपला होता. गुरुवारी अकराला तो एका ट्रॅक्टरचं मागचं चाक उतरवत होता. शुक्रवारी अमरसिंहांचे पुतणे दुकानावर आले, चुलत्याची गचांडी धरली, हवेची मशीन आडवी पाडली. तेव्हापासून तो बार्शीकडं मावशीच्या घरी लपलेला. स्वतःचा फोन बंद. गावात सगळ्यांच्या तोंडी त्याचंच नाव झालंय.

"तुमी सांगा की त्यास्नी. माजा आवाज तर तुमास्नी ठावं हाय ना, मॅडम? त्यो माजा आवाज न्हवता."

दैवशालाला त्याचा आवाज ठाऊक नव्हता. वर्षभर ज्याला शिकवलं, ज्याच्या प्रथम वर्षाच्या पेपरला गुण दिले, तो मुलगा कसा बोलतो हे ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. गुरुवारचा आवाज याचा होता की नव्हता, हे ती शपथेवर सांगू शकत नव्हती. तो खरं बोलत असेल. कदाचित नसेलही. तिला इतकंच नक्की माहीत होतं की त्या वर्गात कुणीही येऊ शकत होतं, कुठल्याही नावानं, आणि ती नावं तिनंच यादी करून चव्हाट्यावर टांगली होती.

"बघते," असं म्हणून तिनं फोन ठेवला. त्या मुलाला तेवढ्यानं काय धीर आला असेल, देव जाणे.

रविवार तिनं घालमेलीत काढला. एकदा वाटे, पोलीस बघतील, आपण कशाला मध्ये पडा. एकदा वाटे, त्या पोराला पुतण्यांनी गाठलं आणि काही बरंवाईट झालं तर? ऑर्डर गेली तर घरात दुसरी कमाई नाही, हे होतंच. पण खरं भय वेगळं होतं. अमरसिंहांच्या दारात उभं राहून आपल्या तोंडानं कसं म्हणायचं की तुमच्या मुलीची अब्रू माझ्यामुळं गेली?

सोमवारी सकाळी तिनं तो घडीचा कागद फाडला आणि धुळाप्पांना सगळं सांगितलं. जेवढं सांगवेल तेवढं. ते उठून पटका बांधायला लागले. तिनं म्हटलं, आप्पा, तुम्ही नका येऊ, मोठी माणसं आहेत, तुम्हाला काही बोलली तर मला सहन व्हायचं नाही. ते म्हणाले, "म्या काय बोलाया येत न्हाय. नुसता बसतो संगं."

तुळजापूर, धाराशिव, येरमाळा. तीन एसट्या बदलल्या. सोयाबीन गुडघ्याच्या वर आलं होतं, पण दैवशालाला रस्त्याच्या कडेचं काही दिसत नव्हतं. ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती आणि प्रत्येक थांब्यावर ती विस्कटत होती. येरमाळ्याच्या चौकात टायरचं दुकान दिसलं. शटर खाली होतं.

अमरसिंहांचं घर गावाबाहेर शेतात होतं. पुढं पत्र्याचं शेड, शेडमध्ये दोन ट्रॅक्टर, बाजांवर तीन-चार तरुण. दैवशाला फाटकातून आत आली तशी ती पोरं बोलायची थांबली. त्यातल्या एकानं कॉलेजच्या बाई म्हणून ओळखलं आणि आत वर्दी दिली. धुळाप्पा शेजारी होते म्हणून ती चालत राहिली, एरवी फाटकातूनच वळली असती.

अमरसिंह बाहेर आले. पंचेचाळिशीचा उंच गडी, चार दिवसांची दाढी वाढलेली. त्यांनी आवाज चढवला नाही. खुर्च्या मागवल्या, धुळाप्पांना "बसा बाबा" म्हणाले. पाणी आलं. दैवशालानं तांब्या हातात घेतला आणि तो तिथंच धरून बोलायला सुरुवात केली.

तिनं सगळं सांगितलं. परवानगीची अट काढल्याचं, लिंक ग्रुपवर टाकल्याचं, यादी जोडल्याचं. नंदीशनं केलं की नाही ते मला माहीत नाही, म्हणाली, पण त्याचं नाव कुणीही लावू शकत होतं. शिवांजलीला कॅमेरा चालू करायला मीच लावलं, ती नको म्हणत होती. आणि मी वर्ग बंद न करताच बाहेर पडले.

शेडमधली पोरं उठून जवळ आली होती. एक जण म्हणाला, त्या टायरवाल्यांनीच बाईला पढवून पाठवलंय. अमरसिंहांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं, तो मागं सरला. मग ते दैवशालाला म्हणाले, "म्हणजे दार तुम्ही उघडं टाकलं."

"व्हय."

"आणि आत लांडगा शिरल्यावर तुम्ही एकट्याच भायेर पळालात."

धुळाप्पांची मान खाली गेली. मेंढरं राखणाऱ्या माणसाला आणि त्याच्या लेकीला हे बोल लागत होते. अमरसिंहांना ते कळलं असेल किंवा नसेल. आपल्याला इथंच काहीतरी होणार, असं दैवशालाला वाटलं. हाकलतील, हात उगारतील, काहीही.

दारातून शिवांजली बाहेर आली. तिची आई मागून तिचा दंड धरून आत ओढत होती, पण ती आली. पदर घ्यावा तशी ओढणी डोक्यावरून घट्ट घेतलेली. चार दिवसांत ती कुणाशी एक शब्द बोलली नव्हती, हे नंतर कळलं. ती बापाकडं बघत नव्हती.

"मॅडम, तुम्ही का गेलात?" तिनं विचारलं. "पडद्यावर पाटी आली, मॅडम बाहेर पडल्या म्हणून. आम्ही सगळ्या ती पाटी वाचत होतो."

दैवशालाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते अडवलं. रडून सुटका करून घेण्याची ती वेळ नव्हती.

"घाबरले गं. मला वाटलं, मी वर्ग बंद केला. नीट वाचलं असतं तर कळलं असतं. वाचलं नाही, घाबरले."

शिवांजली तिच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मीबी घाबरले." आणि आत निघून गेली.

अमरसिंहांनी त्या दिवशी माफी दिली नाही, आणि दैवशालानं मागितलीही नाही. पण त्यांनी पुतण्यांना बोलावून सांगितलं की त्या पोराला हात लावायचा नाही. आणि दैवशालाला म्हणाले की हेच सगळं पोलिसांपुढं लिहून द्यायची तयारी आहे का? ती हो म्हणाली. त्यांनी गाडी काढली आणि बापलेकीला धाराशिवला घेऊन गेले.

तिथल्या सायबर शाखेतल्या बाईंनी तिचा जबाब घेतला. अशा उघड्या लिंका गोळा करणाऱ्या टोळ्याच असतात, त्या म्हणाल्या. एकजण कुठल्यातरी ग्रुपमधून उचलतो, दहाजणांना वाटतो, आणि ते यादीतल्या गैरहजर पोराचं नाव लावून आत शिरतात. महिन्याभरानं कळवलं की आत शिरलेल्याचा नंबर खोट्या कागदांवर घेतलेला आणि दुसऱ्या राज्यातला निघाला. पुढं माग लागला नाही. तो माणूस आजही सापडलेला नाही.

ज्याचं चाक नंदीश उतरवत होता त्या ट्रॅक्टरवाल्यानंही त्याच्या बाजूनं सांगितलं आणि कॉलेजनं त्याला परत घेतलं. पण येरमाळ्याच्या चौकात कुणी ना कुणी त्याला तो फोटोवाला म्हणायचंच. परीक्षा संपल्या संपल्या तो पुण्याला निघून गेला. शिवांजलीला घरच्यांनी फोन परत दिला नाही. कॉलेज उघडल्यावर ती आली, पण फक्त परीक्षेपुरती. अमरसिंह तिला गाडीतून आणायचे आणि पेपर संपेपर्यंत फाटकाबाहेर गाडीतच बसून राहायचे. ती पहिल्या वर्गात पास झाली. भूगोल पुढं घेतला नाही.

पुढच्या वर्षी दैवशालाची ऑर्डर आली नाही. कारण कुणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. दोन वर्षं ती गावातच शिकवण्या घेत राहिली, मग तुळजापूर तालुक्यातल्या एका कॉलेजात तिला तासिका मिळाल्या. आता वर्ग खोल्यांत भरतात, फळा आहे, खडू आहे. पण ऑनलाइनचं झेंगट काही सुटलेलं नाही. सुट्टीतले जादा तास, उन्हाळ्यातल्या चाचण्या, विद्यापीठाचे फुकटचे कोर्स, सगळं फोनवर. तिनं नियम करून ठेवलाय. दर तासाला नवी लिंक, आणि यादीतल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळल्याशिवाय कुणालाही आत घ्यायचं नाही. अनोळखी नाव दार वाजवू लागलं की तिच्या तळहातांना घाम सुटतो. इतकी वर्षं झाली, ते काही जात नाही.

गेल्या एप्रिलमध्ये चाचणी चालू असताना गोरोबा असं नाव आलं. यादीत गोरोबा कुणी नव्हता. तिनं नाकारलं. परत आलं. परत नाकारलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा तिनं फोन शेजारी बसलेल्या हरणाबाईच्या मांडीवर ठेवला आणि ती परसात जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं आत येऊन तिनं चाचणी पूर्ण केली.

तासानंतर फोन आला. इरम्मा, कर्नाटकाच्या हद्दीलगतच्या गावची, वर्गातली सगळ्यांत मागं बसणारी मुलगी. तिचा फोन बिघडला होता म्हणून भावाच्या, गोरोबाच्या फोनवरून आली होती. चाळीस मिनिटं बाहेर थांबली होती. ती तक्रार करत नव्हती. आपलंच काहीतरी चुकलं असणार, म्हणून विचारत होती.

दैवशालानं इरम्माला सांगितलं की चूक तुझी नाही, माझी आहे, आणि तशीच लाइनवर राहा. तिनं प्रश्नपत्रिका समोर ओढली आणि पहिला प्रश्न सावकाश वाचायला सुरुवात केली.